दूध आणि दंतआरोग्य

दूध आणि दंतआरोग्य यांचा परस्परसंबंध हा आहारशास्त्र आणि दंतवैद्यक या दोन्ही शाखांच्या अभ्यासाचा विषय आहे. दुधातील कॅल्शियम, फॉस्फरस आणि केसीन हे प्रथिन दातांना पोषक व संरक्षक असते. मात्र दुधात साखर घातल्यास, किंवा बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवल्यास तेच दूध दात किडण्यास कारणीभूत ठरते. दूध दातांना हितकारक की अपायकारक, हे ते कशासोबत, कोणत्या वेळी आणि कोणत्या पद्धतीने घेतले जाते यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात दुधाचा दातांवर व एकूण आरोग्यावर होणारा परिणाम दिला असून, अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुका आणि एकंदर वऱ्हाड प्रदेशाच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

## दुधाचे घटक

गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी, ४.५ ते ५ टक्के लॅक्टोज (दुग्धशर्करा), ३ ते ३.५ टक्के प्रथिने आणि ३.५ ते ४.५ टक्के स्निग्धांश असतो. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ८ टक्के असून प्रथिने व कॅल्शियम यांचे प्रमाणही गाईच्या दुधापेक्षा अधिक असते. गाईच्या १०० मिलिलिटर दुधातून साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. गाईच्या दुधातील सुमारे ८० टक्के प्रथिन केसीन या प्रकारचे असते. दुधात ब-१२ व रायबोफ्लेविन ही जीवनसत्त्वे चांगल्या प्रमाणात आढळतात. लोह, क जीवनसत्त्व आणि ड जीवनसत्त्व मात्र फार थोडे असते. म्हणून दूध हे ‘पूर्णान्न’ आहे हे विधान शास्त्रीयदृष्ट्या काटेकोर ठरत नाही.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढ व्यक्तीसाठी दररोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. याच संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत प्रौढांच्या दैनंदिन आहारात सुमारे ३०० मिलिलिटर दूध किंवा दही असावे असे म्हटले आहे. एवढ्या दुधातून कॅल्शियमची साधारण एक तृतीयांश गरज भागते. उरलेले कॅल्शियम नाचणी, तीळ, डाळी, तसेच अंबाडी व शेवगा यांसारख्या पालेभाज्यांतून मिळू शकते.

## दातांची रचना आणि दंतक्षय

दाताचे बाहेरील कठीण आवरण म्हणजे दंतवल्क किंवा इनॅमल. वजनाच्या हिशेबाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम व फॉस्फेटच्या स्फटिकांचा असतो. दात हिरडीतून बाहेर आल्यानंतर दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी शिल्लक राहत नाहीत. त्यामुळे हाड मोडल्यावर जसे भरून येते तसा दाताला पडलेला खड्डा आपोआप भरून येत नाही.

दातांवर जिवाणूंचा चिकट थर साचतो. त्याला प्लाक म्हणतात. या थरातील स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स (१९२४ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ क्लार्क यांनी या जिवाणूचे प्रथम वर्णन केले) आणि इतर जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. प्लाकचा सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. काही वेळाने लाळेमुळे आम्ल निष्प्रभ होते आणि लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा दंतवल्कात बसतात. खनिजे जाणे आणि परत येणे ही क्रिया दिवसभर चालू असते. वारंवार गोड खाण्यामुळे हा तोल बिघडला, की आधी पांढरे डाग आणि पुढे खड्डा अशा क्रमाने दंतक्षय होतो.

साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा आणि कोणत्या रूपात खाल्ली यालाही महत्त्व असते, हे स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४५ ते १९५५ या काळात झालेल्या प्रयोगातून दिसून आले. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात सर्वाधिक किडले. मनोरुग्णालयातील व्यक्तींवर हा प्रयोग केल्यामुळे नैतिकदृष्ट्या त्यावर पुढे कठोर टीका झाली.

## दुधाचा दातांवरील परिणाम

### संरक्षक गुणधर्म

साध्या दुधाचा सामू ६.५ ते ६.७ असतो, म्हणजे ते जवळजवळ उदासीन असते. दुधातील कॅल्शियम व फॉस्फेट दातांभोवती उपलब्ध राहिल्याने खनिजांचा ऱ्हास कमी होतो. केसीनचे रेणू दाताच्या पृष्ठभागावर पातळ थर तयार करतात आणि त्यामुळे जिवाणूंना चिकटण्यास अडथळा येतो. केसीनच्या याच गुणधर्माच्या आधारे ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स आणि सहकाऱ्यांनी केसीनचे तुकडे व कॅल्शियम फॉस्फेट यांचे संयुग विकसित केले. दंतवैद्य ते लेपाच्या स्वरूपात वापरतात.

दुधातील लॅक्टोज हीही शर्कराच आहे व जिवाणू तिच्यापासून आम्ल तयार करू शकतात. परंतु उसाच्या साखरेच्या तुलनेत हे आम्ल कमी प्रमाणात तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत दुधातील नैसर्गिक लॅक्टोजचा समावेश मर्यादित ठेवावयाच्या साखरेत केलेला नाही. वरून घातलेली साखर, गूळ आणि मध यांचा मात्र त्यात समावेश होतो.

दही व ताक आंबट असले तरी त्यांत कॅल्शियम व फॉस्फेट भरपूर असल्यामुळे साध्या दह्याने दंतवल्काची झीज होत नाही. साखर घातलेली लस्सी, श्रीखंड, बासुंदी व रबडी यांना हे लागू होत नाही.

### अपायकारक परिस्थिती

दूध पुढील परिस्थितीत दातांना अपाय करू शकते :

* दुधात साखर, मध, गूळ किंवा साखरयुक्त चॉकलेट-माल्ट पूड मिसळल्यास;
* बाटलीतून दूध दीर्घ काळ घोट-घोट पिण्याची सवय असल्यास;
* रात्री दूध पिऊन दात न घासता झोपल्यास. झोपेत लाळेचे प्रमाण पुष्कळ घटते आणि तोंडात राहिलेले दूध धुतले जात नाही;
* बिस्किटे दुधात किंवा चहात बुडवून वारंवार खाल्ल्यास. भिजलेला पिठूळ व गोड भाग दाढांच्या खाचांत अडकून राहतो.

अमेरिकेतील विल्यम बोवेन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, उंदरांवरील तुलनात्मक अभ्यासात कोला, मध आणि साखरेचे द्रावण हे गाईच्या दुधापेक्षा दातांना कितीतरी अधिक हानिकारक आढळले. मध ‘नैसर्गिक’ असल्यामुळे तो दातांना चालतो, या समजुतीला या निष्कर्षाने आधार मिळत नाही.

## बालकांमधील दंतक्षय

बाळाचा पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात पूर्ण होतात. बाटलीने दूध पिणाऱ्या बालकांत वरचे पुढचे दात सर्वांत आधी किडतात. चोखताना दूध याच दातांभोवती साचते, तर खालचे दात जीभ व लाळेमुळे काही अंशी सुरक्षित राहतात. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसणे हे याचे पहिले लक्षण होय. या अवस्थेत सवय बदलली आणि फ्लोराइडचा वापर सुरू केला, तर कीड थांबू शकते. डाग तपकिरी झाले व दात तुटू लागले की भरणे, मुळाचे उपचार किंवा दात काढणे एवढेच मार्ग उरतात.

भारतीय दंतपरिषदेच्या २००२-०३ मधील राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षे वयाच्या सुमारे निम्म्या मुलांमध्ये दंतक्षय आढळला होता. ‘दुधाचे दात पडणारच, मग उपचार कशाला,’ ही समजूत या समस्येला बळ देते. प्रत्यक्षात दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षे वयापर्यंत तोंडात असतात. त्या ठणकत असतील तर मूल नीट चावून खात नाही, त्याची झोप मोडते आणि शाळा बुडते. मुळाशी पू झाल्यास खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही इजा पोहोचू शकते. दुधाची दाढ अकाली काढल्यास शेजारचे दात सरकतात व नंतरचे दात वाकडे येतात. सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ कोणताही दात न पडता मागच्या बाजूला उगवते. पुष्कळ पालक तिला दुधाचीच दाढ समजतात व तिच्याकडे दुर्लक्ष होते.

पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दात किडण्याच्या भीतीने स्तनपान थांबवणे योग्य नाही. पहिला दात आल्यापासून तो रोज स्वच्छ करणे आणि एक वर्षानंतर रात्री वारंवार पाजल्यास सकाळ-संध्याकाळ दात घासणे पुरेसे समजले जाते. भारतात १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाचे पर्याय व दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीवर बंदी आहे. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर विकार संभवतो.

## वऱ्हाडातील संदर्भ

### दुभती जनावरे व दूधव्यवसाय

तिवसा हे अमरावती-नागपूर महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. याच तालुक्यातील मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. महाराजांच्या ग्रामगीतेत ग्रामआरोग्य आणि गोवंशसुधारणा या दोन्ही विषयांचे विवेचन आढळते. वर्धा खोऱ्यात गवळाऊ ही गाईची जात, तर वऱ्हाडात नागपुरी ही म्हशीची जात पाळली जाते. या म्हशीला अचलपूरच्या जुन्या नावावरून एलिचपुरी असेही म्हणतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात फिकट रंगाची पूर्णाथडी म्हैस आढळते. मेळघाटात गवळी समाजाचा दूध व खवा हा परंपरागत व्यवसाय असून चिखलदऱ्याची रबडी प्रसिद्ध आहे.

२०२३-२४ मध्ये देशातील दुधाची दरडोई दैनंदिन उपलब्धता ४७१ ग्रॅम होती. महाराष्ट्रातील उपलब्धता राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी आहे. राज्यातील दूध उत्पादनात पश्चिम महाराष्ट्र आघाडीवर असून कापूस, सोयाबीन व तूर पिकवणारा कोरडवाहू विदर्भ बराच मागे आहे. ही तफावत कमी करण्यासाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने विदर्भ व मराठवाड्यातील जिल्ह्यांसाठी विशेष दुग्धविकास प्रकल्प हाती घेण्यात आला.

ज्या घरात दूध थोडे येते तेथे ते बहुधा चहासाठी वापरले जाते. मुलाला मिळणारे दूध अशा वेळी साखरेच्या चहातील चार चमचे एवढेच असते. त्यातून कॅल्शियम नगण्य मिळते आणि दातांच्या वाट्याला साखर येते. शिवाय चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोहाचे शोषण कमी होते. हेच थोडे दूध चहात न घालता मुलाला साधे दिले किंवा त्याचे दही लावले, तर खर्च न वाढवता अधिक लाभ होतो.

### पाणी आणि फ्लोराइड

परंपरेने वऱ्हाडात गणल्या जाणाऱ्या यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत, तसेच चंद्रपूर जिल्ह्यात भूजलातील फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह मानले जाते. दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. यापेक्षा अधिक फ्लोराइडचे पाणी लहानपणी प्यायल्यास कायमच्या दातांवर पांढरट वा तपकिरी पट्टे उमटतात. या विकाराला दंत-फ्लोरोसिस म्हणतात. हे डाग किडीचे नसतात आणि ते घासून जात नाहीत. आहारातील कॅल्शियममुळे आतड्यातून फ्लोराइडचे शोषण घटते, म्हणून अशा गावांत बालकांना दूध किंवा दही मिळणे विशेष उपयुक्त असते. मात्र पाण्याचा स्रोत बदलणे हाच मुख्य उपाय आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यातील समस्या मुख्यतः पाण्यातील क्षारांची आहे. क्षार आणि फ्लोराइड या दोन भिन्न बाबी असल्याने पाण्याची स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरते.

### खर्रा व तंबाखू

विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा मोठ्या प्रमाणावर खाल्ला जातो. सुपारीमुळे दातांची झीज होते आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाणारा सबम्यूकस फायब्रोसिस हा विकार जडतो. त्यातून मुखकर्करोगाचा धोका वाढतो. दूध प्यायल्याने वा गुळण्या केल्याने हे दुष्परिणाम टळत नाहीत. तोंड पूर्ण उघडत नसल्यास किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ न भरणारी जखम असल्यास तातडीने दंतवैद्याकडे जावे.

## एकूण आरोग्यावरील परिणाम

### वाढ व हाडे

वाढत्या वयात आहारात दूध असल्यास उंचीत अल्प वाढ दिसते, विशेषतः एरवी आहार निकृष्ट असलेल्या मुलांमध्ये. प्रौढ वयात अधिक दूध प्यायल्याने अस्थिभंग टळतातच असे मात्र सिद्ध झालेले नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश अभ्यासात दिवसाला तीन किंवा अधिक पेले दूध पिणाऱ्या स्त्रियांमध्ये अस्थिभंग व मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. याउलट, २०१८ मध्ये २१ देशांतील सुमारे १ लाख ३६ हजार व्यक्तींच्या अभ्यासात दुग्धजन्य पदार्थ घेणाऱ्यांमध्ये मृत्यू व हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. हे दोन्ही अभ्यास निरीक्षणात्मक असून त्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मध्यम प्रमाणातील दूध बहुतेकांसाठी सुरक्षित आहे, एवढा निष्कर्ष त्यांतून काढता येतो. लठ्ठपणा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांना सायीचे दूध टाळून टोन्ड (३ टक्के स्निग्धांश) वा डबल टोन्ड (१.५ टक्के) दूध सुचवले जाते.

### रक्तक्षय

दुधात लोह अत्यल्प असल्याने एक वर्षाखालील बाळाला गाईचे किंवा म्हशीचे दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या मुलाचे पोट दुधानेच भरते, ते पोळी, डाळ व भाजी खात नाही आणि त्याला लोहाच्या अभावाचा रक्तक्षय होऊ शकतो. गुटगुटीत दिसणारे पण फिकट व चटकन थकणारे मूल हे याचे लक्षण असू शकते.

### लॅक्टोज असहिष्णुता

लॅक्टोज पचवणारे लॅक्टेज हे विकर अनेकांमध्ये बालपणानंतर घटते. अशांना दूध प्यायल्यावर पोट फुगणे, गुरगुरणे वा जुलाब होणे असे त्रास होतात. भारतात प्रौढपणी लॅक्टोज पचवण्याची क्षमता वायव्येकडे अधिक, तर दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी आढळते. असा त्रास असलेल्या पुष्कळ व्यक्तींना जेवणासोबत एक पेलाभर दूध सोसते. दही व ताक त्याहून सहज पचते, कारण विरजणातील जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच विघटित करतात. दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी हा यापेक्षा वेगळा विकार असून तीत अल्प दूधही धोकादायक ठरू शकते.

## दुधाची सुरक्षितता

कच्च्या दुधातून क्षयरोग, ब्रुसेलोसिस व आतड्यांचे संसर्ग पसरू शकतात. पाश्चरीकरणात दूध ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापवतात. सुटे दूध घरी उकळणे आवश्यक आहे. उकळल्याने काही ब जीवनसत्त्वे कमी होतात. कॅल्शियम व प्रथिने यांत लक्षणीय घट होत नाही.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी १२ नमुन्यांत आरोग्यास घातक भेसळ आढळली. त्याहून कितीतरी अधिक नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा जास्त होते. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. दुभत्या जनावरांना दिली जाणारी सरकीची ढेप दमट जागी ठेवल्यास तिच्यावर बुरशी वाढते; बुरशीचे विष जनावराच्या शरीरातून दुधात उतरते आणि दूध उकळल्याने ते नष्ट होत नाही. ढेप व कडबा कोरड्या, हवेशीर जागी जमिनीपासून उंचावर ठेवणे आणि बुरसलेली ढेप जनावरांना न घालणे हा त्यावरील उपाय आहे.

## समज आणि वस्तुस्थिती

* गरोदरपणात बाळ आईच्या दातांतील कॅल्शियम ओढून घेते. – दातातील कॅल्शियम रक्तात परत जात नाही. या काळात दात बिघडण्याची कारणे म्हणजे संप्रेरकांमुळे हिरड्या सुजणे, उलट्यांतील आम्ल आणि वारंवार खाणे.
* दूध प्यायल्याने किडलेला दात बरा होतो. – पडलेला खड्डा दुधाने भरत नाही.
* दूध व मासे एकत्र खाल्ल्याने कोड येते. – आयुर्वेदात हा विरुद्ध आहार मानला आहे. तथापि कोड हा रोगप्रतिकारक यंत्रणेशी निगडित विकार असून या दोन पदार्थांमुळे तो होतो असा पुरावा नाही.
* दुधाने कफ वाढतो. – दुधामुळे घशात दाटपणा जाणवतो, पण श्लेष्म्याचे उत्पादन वाढल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही.
* दुधात मिसळायची पूड म्हणजे आरोग्यपेय. – अशा अनेक पुडींत साखर बरीच असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘आरोग्यपेये’ या वर्गातून वगळण्याची सूचना केली.

## सर्वसाधारण शिफारशी

* दूध शक्यतो साखरेशिवाय व जेवणाच्या किंवा न्याहारीच्या वेळी घ्यावे.
* बाळाला दूध वाटी-चमच्याने द्यावे व एक वर्षानंतर पेल्याची सवय लावावी. बाटली तोंडात ठेवून झोपवू नये.
* रात्री दूध पिऊन झाल्यावर दात घासावेत. त्यानंतर पाण्याखेरीज काही घेऊ नये.
* फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावांत याबाबत दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.
* राखुंडी, कोळसा, विटेची पूड व मिश्री यांचा वापर टाळावा. कडुनिंब वा बाभळीच्या काडीने दात घासता येतात, पण त्यातून फ्लोराइड मिळत नाही.
* दूध परवडत नसल्यास किंवा सोसत नसल्यास ताक, तीळ, नाचणी, डाळी व पालेभाज्या यांतून कॅल्शियम मिळवावे.
* पहिला दात आल्यानंतर, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाचे दात एकदा दंतवैद्याला दाखवावेत.

## हे सुद्धा पहा

* दूध
* दंतक्षय
* फ्लोरोसिस
* लॅक्टोज असहिष्णुता
* तिवसा तालुका
* पूर्णाथडी म्हैस